मध्यरात्रींचा उतारू

जुन्या काळीं प्रत्येक मोठ्या गांवास वेस असे व वेशीस दरवाजा असे. दिवस मावळून थोडी रात्र झाली कीं दरवाजा लागे. उशिरां आलेल्या वाटसरूनें वेशीबाहेरच्या धर्मशाळेंत किंवा देवळाच्या ओसरीवर पाठ टेकावी आणि कोंबडा आरवल्यावर गांवांत शिरावें, असा शिरस्ता होता. मुंबईच्या कोटासहि अपोलो, चर्चगेट व बझारगेट असे तीन दरवाजे होते आणि तेहि रात्रीं बंद होत. सर बार्टल फ्रिअर हे गव्हर्नर असतांना, म्हणजे १८६२ ते १८६७ या काळांत, कोटाच्या भिंती पाडण्यांत आल्या. दरवाजे गेले, त्यांपैकीं एकाचें नांव मात्र पश्चिमेकडील आगगाडीच्या शेवटच्या स्थानकास चिकटून राहिलें.

आजच्या मुंबईची वेस कोठें आहे असें कोणीं विचारल्यास सहार आणि सांताक्रूझ यांच्याकडे बोट दाखवावें लागेल. देशोदेशींचे उतारू याच दारानें शहरांत येतात. या वेशीस रात्रींचें कुलूप नाहीं. दिवे लखलखत असतात, विमानें येत असतात, सामानाच्या गाड्या खडखडत असतात. परंतु वेस जागी आणि वेशीच्या आंतील रस्ता झोपलेला, अशी विचित्र स्थिति येथें प्रत्येक रात्रीं होते. हजारों मैलांवरच्या शहरांतून निघालेला माणूस ठरल्या वेळीं मुंबईंत उतरतो. आणि तेथून स्वतःच्या घराचा उंबरठा गांठतांना त्याला सबंध प्रवासांत पहिल्यानेंच अनिश्चितता भेटते. त्या शेवटच्या दहापंधरा किलोमीटरांचा विचार श्रोत्यांपुढें आज मांडावयाचा आहे.

प्रारंभीं विमानांना रात्र ठाऊकच नव्हती. जुहूचा विमानतळ १९२८ सालीं सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें आपलें लहानसें विमान आणून जुहूस उतरविलें, तेव्हां दुपारची वेळ होती. विमानांत टपालाच्या थैल्या होत्या, उतारू नव्हता. पावसाळ्यांत जुहूची जमीन चिखलानें निकामी होई. अशा स्थितींत रात्रीं उतरलेल्या माणसानें घरीं कसें जावें, हा प्रश्न कोणाच्या स्वप्नांतहि येण्याजोगा नव्हता. पुढें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत लष्करी विमानांसाठीं सांताक्रूझ येथें तळ झाला आणि युद्धानंतर तो मुलकी वाहतुकीच्या उपयोगास आला. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हा या मार्गानें लंडनला गेलें, आणि मुंबई आकाशमार्गानें युरोपशीं नियमितपणें जोडली गेली. १९८१ मध्यें सहारची इमारत उभी राहिली. २०१४ मध्यें तेथेंच आजचें प्रशस्त दोन क्रमांकाचें टर्मिनल उघडलें. विमानें मोठीं झालीं, उतारू वाढले, आणि रात्र ही परदेशी वाहतुकीची गर्दीची वेळ होऊन बसली.

असें कां व्हावें, हें थोड्या अंकगणितानें समजतें. इंग्लंडचें घड्याळ हिंवाळ्यांत भारताच्या घड्याळामागें साडेपांच तास असतें. लंडनहून सकाळीं १० वाजतां निघालेलें विमान सुमारें ९ तास उडालें, तर त्या वेळीं लंडनांत सायंकाळचे ७ वाजलेले असतात. मुंबईंत मात्र रात्रींचे साडेबारा झालेले असतात. परत जाणाऱ्या विमानाचें गणितहि असेंच आहे. युरोपांतील कित्येक विमानतळांवर रात्रींच्या उड्डाणांना निर्बंध आहेत. फ्रँकफुर्ट येथें तर २०११ पासून रात्रीं ११ ते पहाटे ५ नियोजित उड्डाणें बंद आहेत. आसपासच्या वस्तीस झोप मिळावी, हा त्यामागील न्याय्य हेतु. तेव्हां तेथें सकाळीं पोहोंचावयाचें तर येथून मध्यरात्रीनंतर निघणें सोयीचें पडतें, आणि मध्यरात्रीनंतर निघावयाचें तर त्याच्या आधीं येऊन ठेपणेंहि ओघानेंच आलें. युरोपच्या निद्रेची किंमत अशा रीतीनें थोडीबहुत मुंबईच्या जागरणानें भरली जाते.

आतां या गणिताची दुसरी बाजू पाहावी. विमान साडेबारास टेकलें, तरी उतारू लागलाच बाहेर येत नाहीं. पारपत्राची रांग, सामानाच्या फिरत्या पट्ट्यापुढील प्रतीक्षा, जकातीची तपासणी, यांत तासभर सहज जातो. म्हणजे दीड वाजला. नेमक्या याच वेळीं मुंबईच्या उपनगरी आगगाड्या थांबलेल्या असतात. साधारणपणें रात्रीं एकपासून पहाटे चारपर्यंत रुळांना विश्रांति असते. तेवढ्याच अवधींत रुळांची व तारांची देखभाल करावयाची असते. दिवसभर लाखों माणसें वाहून नेणाऱ्या मार्गास तीन तासांची विश्रांति कोणीं नाकारूं नये. भुयारांतून जाणारी मेट्रो तीन क्रमांकाची मार्गिका ऑक्टोबर २०२४ मध्यें आरेपासून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली. विमानतळाच्या दोन्ही इमारतींपाशीं तिचीं स्थानकें आहेत, ही मोठीच सोय झाली. परंतु तीहि मध्यरात्रीपूर्वीं विसावते. म्हणून दिवसाच्या उतारूचा प्रश्न सुटला आणि रात्रींच्या उतारूचा बव्हंशीं होता तेथेंच राहिला.

हा रात्रींचा उतारू कोण असतो? तो नेहमींच श्रीमंत असतो असा समज आहे. तो बरोबर नाहीं. श्रीमंताची मोटार दाराशीं उभी असते. त्याच विमानांतून, मागच्या ओळींतून, आखातांत वर्षदोन वर्षें राबून आलेला रत्नागिरीकडील कारागीर उतरतो. त्याच्याजवळ दोऱ्यांनीं करकचून बांधलेलीं खोकीं असतात आणि त्याला पहाटेच्या कोंकणच्या गाडीसाठीं दादर गांठावयाचें असतें. मुलाकडे परदेशीं चार महिने राहून आलेलें वृद्ध जोडपें असतें. दोघांचे पाय सुजलेले असतात, आणि गिरगांवांतील आपली चाळ आतां कोणत्या पुलावरून गांठावी हें त्यांना उमजत नाहीं. शिक्षण घेऊन एकटीच परतणारी मुलगी असते. तिनें अर्धी पृथ्वी निर्भयपणें ओलांडलेली असते. पण सहारपासून घरापर्यंतच्या अर्ध्या तासासाठीं तिची आई दूरध्वनि हातांत धरून जागी बसलेली असते. त्या अर्ध्या तासाची काळजी सबंध प्रवासाच्या काळजीहून मोठी असते, आणि ती अनाठायीं आहे असें कोणास म्हणवणार नाहीं.

आगगाडी नाहीं म्हटल्यावर मोटार किंवा रिक्षा एवढेंच साधन उरतें. येथें मुंबईच्या भूगोलाची एक खुबी परक्या माणसास ठाऊक असणें जरूर आहे. तीन चाकांची रिक्षा उपनगरांत सर्वत्र फिरते. परंतु पश्चिमेस माहीम व पूर्वेस शीव यांच्यापलीकडे, म्हणजे जुन्या शहरांत, तिला मज्जाव आहे. अंधेरी, गोरेगांव, घाटकोपर येथें जाणाऱ्यास रिक्षा चालेल. दादर, परळ, गिरगांव येथें जाणाऱ्यास टॅक्सीच पाहिजे. हें न जाणल्यामुळें रिक्षांत सामान चढविलेल्या कित्येकांना तें पुन्हां उतरवून घ्यावें लागतें.

भाड्याचे नियमहि ठरलेले आहेत. मध्यरात्रीपासून पहाटे ५ पर्यंत मीटरच्या आंकड्यावर चतुर्थांश अधिक द्यावयाचा असतो. १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दरपत्रकांत काळ्या-पिवळ्या साध्या टॅक्सीचें पहिल्या दीड किलोमीटरचें भाडें ३१ रुपये व रिक्षाचें २६ रुपये ठरलें. टॅक्सीच्या त्या दरानें पंधरा किलोमीटरांचें भाडें सुमारें ३१० रुपये होतें, आणि रात्रींचा चतुर्थांश मिळविला म्हणजे ३८८ रुपयांच्या आसपास जातें. पुलाचा पथकर पडला तर तो निराळा. ज्याला हा हिशेब ठाऊक आहे, त्याच्याकडे कोणी हजार रुपये मागितले तर तो हंसून पुढें जाऊं शकतो. ज्याला ठाऊक नाहीं, तो घासाघीस करून सातशेंवर आणल्याच्या आनंदांत गाडींत बसतो. अज्ञानासारखा महाग सोबती प्रवासांत दुसरा नाहीं.

ही घासाघीस टाळावी म्हणून विमानतळावर आधीं पैसे भरून टॅक्सी घेण्याची पद्धत आहे. खिडकीवर मुक्काम सांगावा, ठरलेले पैसे भरावे, पावती घ्यावी आणि पावतीवरील क्रमांकाच्या गाडींत बसावें. पावती मुक्कामीं पोहोंचल्याशिवाय हातची सोडूं नये. अलीकडील कांहीं वर्षांत दूरध्वनीच्या पडद्यावर मोटार मागविण्याची सोय झाली आहे. तींत गाडीचा क्रमांक, चालकाचें नांव आणि भाड्याचा अंदाज आधींच कळतो व मार्गाची नोंद राहते. मागणी वाढली कीं भाडें वाढतें, हा त्यांतील दोष. एका वेळीं चार विमानें उतरलीं कीं त्याचा प्रत्यय येतो. तरीहि या दोन्ही पद्धतींत एक गुण समान आहे. कोण कोणास कोठें घेऊन गेला, याचा लेखी पुरावा मागें राहतो. रात्रींच्या वेळीं माणसास दिव्याइतकाच या नोंदीचा आधार असतो.

या प्रश्नांत दुसरा एक पक्ष आहे, आणि त्याची बाजू सहसा ऐकली जात नाहीं. तो पक्ष टॅक्सीवाल्याचा. पिवळ्या टपाची काळी प्रीमियर पद्मिनी दशकानुदशकें मुंबईची ओळख होती. टॅक्सीचें आयुष्य वीस वर्षांचें ठरलेलें असल्यामुळें, शेवटची नोंदलेली पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून निवृत्त झाली. गाडी बदलली, तरी तिच्या सुकाणूमागील माणसाचें जिणें फारसें बदललेलें नाहीं. तो विमानतळावरील रांगेंत कित्येक तास उभा असतो. गाडींतच डुलकी घेतो, गाडीच्या टपावर डबा ठेवून जेवतो. इतकी वाट पाहिल्यावर त्याच्या वांट्यास कुलाब्याचें भाडें आलें तर रात्र सार्थकीं लागते. विलेपारल्याचें आलें तर चार तासांच्या प्रतीक्षेचे शंभर रुपये हातीं येतात, आणि परत रांगेच्या शेपटास उभें राहावें लागतें. जवळच्या उतारूस तो कां नाकारतो, याचें उत्तर त्याच्या स्वभावांत शोधण्यापूर्वीं या हिशेबांत शोधावें.

नाकारण्याचें समर्थन करावें असा याचा अर्थ नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें भाडें नाकारणें हा दंडास पात्र असा अपराध आहे, आणि तें योग्यच आहे. थकलेल्या म्हाताऱ्या जोडप्यास, केवळ त्यांचें घर जवळ आहे म्हणून, रात्रीं दोन वाजतां फुटपाथवर तिष्ठत ठेवणें हा निर्दयपणा होय. परंतु नुसत्या दंडानें माणसें सौजन्य शिकत नाहींत. जेथें नियम पाळणाऱ्याचें नुकसान होतें, तेथें नियम मोडण्याच्या शंभर युक्त्या निघतात. गाडी बिघडली, इंधन संपलें, तो रस्ता बंद आहे, या सबबी मुंबईकरांना परिचित आहेत. जवळचें भाडें सोडून आलेल्या चालकास चिठ्ठी दाखवून रांगेच्या पुढच्या भागांत जागा मिळाली, तर या सबबी आपोआप ओसरतील. असा उपाय खर्चाचा नाहीं. त्यासाठीं फक्त कोणीतरी लक्ष घालावें लागतें, आणि रोजच्या रोज घालावें लागतें.

रात्रींच्या रस्त्याचा एक निराळा धोकाहि सांगितला पाहिजे. दिवसा जेथें दीड तास लागतो, तेथें रात्रीं अर्ध्यापाऊण तासांत पोहोंचतां येतें. सहारचा उन्नत मार्ग, पश्चिम द्रुतगती महामार्ग, २००९ मध्यें खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतु, आणि २०२४ पासून टप्प्याटप्प्यानें खुला झालेला किनारी मार्ग, असे हे रस्ते रात्रीं रिकामे व मोहक असतात. दोन्ही बाजूंस काळा समुद्र, पुढें दिव्यांची माळ, असें दृश्य दिवसाच्या मुंबईकरास दुर्लभ आहे. परंतु रिकामा रस्ता वेगास आमंत्रण देतो, आणि रात्रीं दोननंतरची वेळ मनुष्याच्या शरीराची सर्वांत सुस्त वेळ होय. उतारू झोपेनें पेंगत असतो हें खरें. पण चालकहि माणूसच आहे. त्याच्याशीं गांवाकडच्या पावसाविषयीं चार शब्द बोलणारा उतारू स्वतःच्याच सुरक्षिततेची काळजी घेत असतो. गाडी हळू चालवावयास सांगण्यास कोणींहि संकोचूं नये.

इतर शहरांनीं या प्रश्नाचीं कांहीं उत्तरें शोधलीं आहेत. लंडनमधील पिकाडिली मार्गिका १९७७ पासून हीथ्रो विमानतळापर्यंत जाते. डिसेंबर २०१६ पासून शुक्रवारीं व शनिवारीं तिच्या गाड्या रात्रभर धावूं लागल्या. मध्यंतरीं साथीच्या काळांत ही सेवा खंडित झाली होती. इतर रात्रीं, शहराच्या मध्यभागापासून हीथ्रोपर्यंत जाणारी रात्रींची बस असते. ती कूर्मगतीनें जाते, पण जाते; आणि तिचें भाडें विद्यार्थ्यासहि परवडतें. तेथील रात्रींच्या उतारूस निदान एक गोष्ट निश्चित ठाऊक असते कीं अमुक ठिकाणीं उभें राहिल्यास अमुक वेळीं वाहन येईल. मुंबईसारख्या शहरास, जेथें बसगाड्यांची परंपरा जुनी आहे, रात्रीं बारा ते चारच्या दरम्यान सहारपासून दादरपर्यंत, आणि दुसऱ्या बाजूनें ठाण्यापर्यंत, दर अर्ध्या तासास एक भरंवशाची बस देणें अशक्य वाटूं नये. अशी बस नेहमीं भरून जाईलच असें नाहीं. पण धर्मशाळा बांधणाऱ्या पूर्वजांनीं तरी प्रत्येक रात्रीं किती वाटसरू येतील, याचा हिशेब कोठें केला होता?

हा विचार आतांच करण्यास आणखी एक कारण आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन झालें. मुंबईस दुसरी वेस मिळाली, आणि ती जुन्या शहरापासून सहारपेक्षां बरीच दूर आहे. तेथें रात्रीं उतरणाऱ्या आणि गिरगांवास किंवा बोरिवलीस जाणाऱ्या उतारूस शेवटचा टप्पा दहापंधरा किलोमीटरांचा राहणार नाहीं. धांवपट्टी बांधतांना जी दूरदृष्टि दाखविली जाते, तिचा अल्पसा अंश तेथून निघणाऱ्या रात्रींच्या बसच्या वेळापत्रकास मिळाला, तर पुष्कळ आयांची झोप परत येईल.

तोंपर्यंत सुशिक्षित कुटुंबांनीं आपापल्या परीनें कांहीं खबरदारी घेणें उचित होय. येणाऱ्या पाहुण्यास घरचा पत्ता, जवळची ठळक खूण आणि साधारण भाडें हें आधींच लिहून कळवावें. सुटे पैसे जवळ ठेवण्यास सांगावें. इमारतीच्या दारांतच हात धरून “टॅक्सी, टॅक्सी” म्हणत सामानास झोंबणाऱ्या माणसांमागें जाऊं नये. खिडकीची पावती किंवा अधिकृत रांग हाच रस्ता धरावा. गाडींत बसण्यापूर्वीं क्रमांक वाचावा, आणि तो मोठ्यानें, चालकास ऐकूं जाईल अशा आवाजांत, दूरध्वनीवरून घरीं सांगावा. भल्या चालकास त्याचा राग येत नाहीं, आणि दुसऱ्या प्रकारच्या चालकास तो ऐकूं जाणेंच हिताचें असतें. संकटप्रसंगीं ११२ हा क्रमांक लहानथोर सर्वांच्या तोंडीं असावा. ज्याला घाई नाहीं, त्यानें चार वाजेपर्यंत तेथेंच बांकावर बसून पहिल्या लोकलची वाट पाहण्यांत कमीपणा मानूं नये. खोकीं उशाशीं घेऊन तेथें पहांट काढणारा कोंकणांतला कारागीर शहाणपणानेंच वागत असतो.

घरांतील माणसांसाठींहि एक गोष्ट आहे. आपला माणूस सुखरूप आला, दार लागलें, चहा झाला, म्हणजे खालीं टॅक्सीवाला जातो आणि त्याचें नांवहि कोणी विचारीत नाहीं. त्याला पुन्हां सहारच्या रांगेंत जाऊन उभें राहावयाचें असतें. सामान जिन्यापर्यंत आणून देणाऱ्या त्या माणसास पेलाभर पाणी विचारण्याची रीत आपल्या घरांतून अद्याप अगदीं गेलेली नाहीं. ती जाऊं देऊं नये. ज्या माणसावर मध्यरात्रीं आपण आपली मुलगी सोंपवितों, त्याला दिवसा केवळ भाड्याच्या वादापुरतें ओळखणें शोभत नाहीं.

मुंबईनें दीडशें वर्षांपूर्वीं कोटाचे दरवाजे पाडले, तेव्हां रात्रीं अपरात्रीं येणाऱ्यास आपण आंत घेऊं असें वचनच जणूं तिनें दिलें. तें वचन अर्धें पाळलें गेलें आहे. उरलेलें अर्धें पाळण्यासाठीं मोठ्या इमारतींची गरज नाहीं. वेळेवर येणारी एक बस, प्रामाणिक एक पावती, आणि रांगेंतील चालकास मिळणारा थोडा न्याय, एवढें पुरेसें आहे.